मानाची फेरी

निवास शेलार रोज सकाळी साडेआठला एकशे दहा मीटरवरून खाली पडायचा आणि मग चहा प्यायचा. गेली सहा वर्षं त्यात खंड नव्हता. ताप असो, भावकीतलं लग्न असो, पडणं चुकलं नाही. खाली आल्यावर तो खुर्चीचा पट्टा सोडायचा, टोपी सारखी करायचा आणि समोर उभ्या असलेल्या चौघा सहकाऱ्यांकडे असं बघायचा, की जणू घरचा जिना उतरून आलाय. त्या बघण्यात थोडा माज होता. तो त्यालाही ठाऊक होता आणि त्या चौघांनाही.

ज्या मनोऱ्यावरून तो पडायचा त्याचं नाव 'कडा'. साताऱ्याहून कऱ्हाडकडे जाताना बोरजाईच्या माळावर 'नभांगण' नावाचं मोठं मनोरंजन उद्यान झालं, त्यातला हा सगळ्यात उंच खेळ. मनोऱ्याभोवती बारा खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला स्वतंत्र रूळ. माणसं बसली की खुर्च्या दीड मिनिटात वर जायच्या, तिथे सात सेकंद थांबायच्या, आणि मग सुटायच्या. सुटायच्या म्हणजे अगदी हातातून दगड सुटावा तशा. निवास खाली काचेच्या खोलीत बसून हे सगळं चालवायचा.

मनोरा रोवला ती जमीन शेलारांची होती. जमीन गेली तेव्हा गावाने कंपनीला सांगून टाकलं, की भैरोबाच्या पालखीला पहिला खांदा शेलारांचा असतो, तर या तुमच्या मनोऱ्याची रोजची पहिली फेरीही शेलारांचीच राहील. कंपनीच्या लोकांनी हसून मान डोलावली. पहिली फेरी कोणीतरी करायचीच होती. गावात तिला 'मानाची फेरी' म्हणू लागले आणि निवासने ती अशी धरून ठेवली, की एकदा पोपटने "आज म्या बसू का?" असं नुसतं विचारलं, तर पुढचे आठ दिवस निवास त्याच्याशी बोलला नाही. पोपट गेटवर असायचा. लहानपणापासूनचा मित्र, म्हणून आठच दिवस.

पाहुणे आले की निवास त्यांना यंत्र समजावून सांगायचा. प्रत्येक खुर्चीच्या पाठीमागे तांब्याची जाड पट्टी असते आणि मनोऱ्याच्या खालच्या पस्तीस मीटरमध्ये दोन्ही अंगांना चुंबकं बसवलेली असतात. पट्टी चुंबकांमधून वेगाने जाऊ लागली की तांब्यात विजेचे भोवरे उठतात आणि तेच पट्टीला मागे ओढतात. वीज गेली तरी हा ब्रेक चालतो, कारण त्याला बाहेरची वीज लागतच नाही. "मशीन कुणाला मारू शकत न्हाई," निवास छातीवर हात ठेवून सांगायचा, आणि ते खरं होतं. लोखंडाचा, चुंबकाचा प्रश्न कधी नव्हताच. प्रश्न खुर्चीत बसणाऱ्याच्या काळजाचा होता.

खुर्ची सुटली की चार सेकंद माणसाला वजन नसतं. पायांकडचं रक्त छातीकडे, डोक्याकडे चढतं. शरीराला वाटतं, रक्त जास्त झालं, म्हणून ते काळजाला सांगतं की जरा दमाने घे. तेवढ्यात चुंबकं धरतात. वजन एकदम तिप्पट होतं, रक्त सपकन पायांत उतरतं, आणि आता काळजाने क्षणात धाव घ्यायला हवी. धडधाकट काळीज धाव घेतं. ज्याला धावता येत नाही, त्याच्या मेंदूला रक्त पुरत नाही. म्हणून पूर्वी अशा खेळांपाशी पाटी असायची: हृदयविकार, रक्तदाब असलेल्यांनी बसू नये. पाट्या कोण वाचतं? आणि वाचल्या तरी आपल्या छातीत काय चाललंय हे किती जणांना ठाऊक असतं?

कड्याने पाटी काढून टाकली. खुर्चीच्या पाठीत लहानसा रडार होता, तो अंगाला न चिकटता छातीची थरथर टिपायचा. वर जाताना पंचवीस मीटरवर खुर्ची मुद्दाम दोन हात खाली घसरायची. माणूस दचकायचा, काळीज उसळायचं आणि मग निवायचं. ते कसं उसळलं आणि कसं निवलं यावरून यंत्र ठरवायचं, की याला किती उंची झेपेल. शेजारी बसलेल्या नवरा-बायकोंपैकी एकाला तीस मीटर मिळायचे आणि एकाला पूर्ण एकशे दहा. खाली आल्यावर चिठ्ठी हातात पडायची. तिच्यावर शंभरपैकी आकडा असायचा, त्याला म्हणायचे झेपांक.

आता चांगलं काळीज कसं असतं, हे यंत्राला कोणी शिकवायचं? उन्हाने, धुक्याने, माळावरच्या धुळीने रडारचं मोजमाप रोज थोडं हलायचं. म्हणून रोज सकाळी एक निरोगी माणूस वर पाठवायचा आणि यंत्राला दाखवायचं, की बाबा, असं असतं. यंत्र त्याच्यावरून स्वतःला जुळवून घ्यायचं. नियम असा होता, की पाच निरोगी कर्मचाऱ्यांनी आळीपाळीने बसायचं आणि दर सहा महिन्यांनी तपासणी करून घ्यायची. वहीत पाच जणांच्या सह्या आळीपाळीने, अगदी नीट व्हायच्या. बसायचा मात्र एकटा निवास. बाकीच्यांनी बसणं म्हणजे शेलारांच्या मानावर पाय देणं. "मान तुजा, सही माजी," असं म्हणत पोपट वही ओढायचा. तपासणीचंही तसंच. ज्याला रोज अठ्ठ्याण्णव पडतात त्याला कसली तपासणी, असं म्हणून उद्यानाच्या डॉक्टरांनी त्याच्या चिठ्ठ्याच फाइलला लावल्या होत्या.

तिसऱ्या वर्षी एका सूतगिरणीने रात्रपाळीला माणसं घेताना झेपांक विचारला. मग ड्रायव्हर भरतीत विचारू लागले. मग तो स्थळांच्या माहितीत, शिक्षणाच्या खाली आणि उंचीच्या वर येऊन बसला. खेळायला येणारी माणसं कमी झाली आणि चिठ्ठी घ्यायला येणारी वाढली. साठीच्या बायका नव्या साड्या नेसून रांगेत उभ्या राहायच्या आणि सत्तरच्या वर आकडा आला की पेढे वाटायच्या.

निवासची एकुलती एक मुलगी ईश्वरी त्या भाद्रपदात वीस वर्षांची झाली. आयटीआयमधून ती वायरमन होऊन बाहेर पडली होती आणि तिला पठारावरच्या पवनचक्क्यांवर चढून दुरुस्ती करायची नोकरी हवी होती. पाण्याची टाकी असो नाहीतर नारळ, ही पोरगी वर असायची. लेखी परीक्षेत ती जिल्ह्यात चौथी आली. पवनचक्कीवाल्यांना झेपांक पंचाहत्तरच्या वर हवा होता. ईश्वरीला त्रेचाळीस पडला.

"पप्पा, मशीन चुकतंय," ती घरी येऊन म्हणाली. "मला भ्या वाटलंच न्हाई. काळीज पळालं, पण मजेनं पळालं."

"मशीन चुकत न्हाई."

"तुमी कशावरनं सांगता?"

"म्या रोज बसतोय त्यात. अठ्ठ्याण्णवच्या खाली कधी उतरलो न्हाई." निवासने ताटात भाकरी कुस्करली. "तू आईवर गेलीस. शेलारांचं काळीज न्हाई तुजं. त्यात रडण्यासारखं काय? दुसरं काम बघू."

त्याची बायको वनिता भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, मग तिने भाकरी तव्यावर टाकली. या घरात निवासच्या काळजाविषयी बोलायची सोय नव्हती.

"म्हंजी तुमच्यासारखं काळीज कराय लागंल मला," ईश्वरी म्हणाली आणि उठून गेली. ती रागाने म्हणाली होती. निवासला मात्र ते ऐकून बरंच वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीत निवासच्या बुटात चूक गेली. चपलेला मारतात तसला बारीक खिळा, पण तो दोन दिवस तळव्यात रुतून होता आणि त्याला पत्ताच नव्हता. मोजा रक्ताने चिकटला तेव्हा वनिताने आरडाओरडा करून त्याला तालुक्याला डॉक्टर तांबोळींकडे पाठवलं. तो शनिवार होता.

डॉक्टरांनी तळव्याला सुई टोचली, निवासला कळलं नाही. रक्त तपासलं, तर साखर साडेतीनशेच्या पुढे. मग त्यांनी छातीला तारा लावल्या आणि सावकाश खोल श्वास घ्यायला सांगितलं.

"श्वास घेताना काळीज जरा पळतं, सोडताना जरा दमतं," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "तुमचं मिनिटाला ब्याण्णव ठोक्यांवर बसलंय. हलायला तयार नाही. किती वर्षं झाली साखरेला?"

"मला साखर न्हाई, डॉक्टरसाहेब."

"आहे. बरीच वर्षं आहे. पायांच्या नसा मेल्यात, तशाच काळजाकडं जाणाऱ्याही." त्यांनी चष्मा काढला. "तुम्हाला कधी धडधडतं का? भीतीनं, आनंदानं?"

"आमच्यात कुणाला भ्या न्हाई," निवास सवयीने बोलून गेला.

"भीती वाटत असेल हो. काळजापर्यंत निरोप पोचत नाही, एवढंच. तार तुटलीय."

निवास दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसला. हिशेब अवघड नव्हता. रोज सकाळी त्याने यंत्राला आपलं काळीज दाखवलं होतं. सुरुवातीला ते खरोखरच धडधाकट होतं. मग नसा एकेक करून मरत गेल्या, आणि यंत्र रोज थोडं थोडं त्याच्या मागे येत राहिलं. आता जे काळीज उसळत नाही, ते यंत्राला उत्तम वाटत होतं. जे उसळतं, ते कमजोर. म्हणजे ते उलटं मोजत होतं.

त्याला ईश्वरी आठवली. मग हणमंत मास्तर आठवले. मास्तरांनी निवासला चौथीपर्यंत शिकवलं होतं. चैत्रात ते कड्यावर बसले. त्यांना एक्क्याण्णव पडला, पूर्ण उंची मिळाली. खाली येऊन त्यांनी चिठ्ठी हातात धरून फोटो काढला, मोटारसायकलपर्यंत चालत गेले, तिला टेकून बसले आणि उठलेच नाहीत. ऊन लागलं, असं सगळे म्हणाले. मास्तर वीस वर्षं बिनसाखरेचा चहा पीत होते, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

बरं, एवढं कळल्यावर निवास गप्प बसला असं नाही. तो तडक उद्यानात आला आणि इंजिनिअर गौतमी बेडेकरच्या खोलीत जाऊन उभा राहिला. बेडेकर मॅडम पुण्याच्या, तिशीच्या, दोन महिन्यांपूर्वीच बदलून आलेल्या.

"मॅडम, वहीतल्या सह्या खोट्या हैत," तो म्हणाला. "सहा वर्सं म्या एकलाच बसतोय. आन् मला आजार हाय."

तिने त्याला बसायलाही सांगितलं नाही. सहा वर्षांच्या सकाळच्या नोंदी पडद्यावर काढल्या. एक रेघ डावीकडून उजवीकडे हळूहळू उतरत गेली होती. रोज केसाएवढी.

"पाच माणसं असती, तर एकाचा आजार बाकी चौघांनी उघडा पाडला असता," ती म्हणाली. "आणि मी इकडे पोरांवर संशय घेत होते. महिनाभर मला काही सपाट रेघा दिसतायत. काळीज मंद करायच्या गोळ्या खाऊन बसतात, आकडा वाढतो म्हणून. मला वाटलं, पोरं मशीनला फसवतायत. हे मशीन मागतंच आहे तसं."

तिने तिथूनच मॅनेजरना फोन लावला. ते मुंबईला होते. वहीत पाच सह्या आहेत, मग तोंडी बोलण्यावर खेळ कसा बंद करू, असं ते म्हणाले. उद्या सुट्टीतला शेवटचा रविवार आहे. लेखी द्या, मग बघू.

बेडेकरने कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. "लिहा. आत्ता मेल करते, उद्या कडा उघडणार नाही."

निवासने पेन हातात घेतलं. एवढ्या एका कागदाने चौघांच्या नोकऱ्या जाणार होत्या, जिल्हाभरच्या चिठ्ठ्या रद्दी होणार होत्या, आणि मास्तरांच्या बायकोसमोर जाऊन उभं राहावं लागणार होतं. तेही त्याने सोसलं असतं. पण उद्या सकाळी मनोऱ्याखाली उभं राहायचं, आणि सहा वर्षं ज्या माजाने पडलो तो माज नव्हता, साखर होती, हे पोपटच्या डोळ्यांत वाचायचं, हे त्याच्याने होईना.

"सोमवारी देतो लिहून," तो म्हणाला. "पोपटला, बाकीच्यांना आदी सांगाय पायजे. त्यांच्या बी पोटाचा प्रश्न हाय."

ऐकायला ते चांगलंच वाटलं. बेडेकरने कोरा कागद पुन्हा आपल्याकडे ओढला.

"उद्या मी पुण्याला मुख्य ऑफिसात जाऊन बसते, कोणीतरी भेटेल," ती म्हणाली. "पण तोवर एक शब्द द्या. पडद्यावर सपाट रेघ दिसली, की लाल बटण दाबायचं. आजार असो, गोळी असो. खुर्च्या वरच थांबतात आणि मग सावकाश उतरतात. कोणी काही म्हणो."

"शब्द दिला," निवास म्हणाला.

रविवारी सकाळी तो साडेआठला वर गेला आणि पडला. आजच्या दिवस, असं त्याने स्वतःला सांगितलं.

दुसऱ्याच फेरीत चार नंबरच्या खुर्चीची रेघ सपाट आली. निवासने बटण दाबलं. बाराच्या बारा खुर्च्या वर थांबल्या आणि दहा मिनिटांनी सावकाश खाली आल्या. चार नंबरवर पन्नाशीचा एक कंत्राटदार होता. त्याचा आकडा चौऱ्याण्णव होता आणि चिठ्ठी मिळाली नव्हती. त्याने रांगेसमोर तमाशा केला. पोरीचं लग्न या चिठ्ठीवर अडलंय म्हणाला, मोबाइल काढून सगळं जगाला दाखवलं. अर्ध्या तासात काचेच्या खोलीतला फोन वाजला.

"शेलार, चांगल्या आकड्याच्या माणसाला कोणी थांबवतं का?" मॅनेजर म्हणाले. "पुन्हा असं झालं, तर उद्यापासून पहिली फेरी पोपट करेल. तुमची नको."

निवासने फोन ठेवला. मागच्या दोन दिवसांत त्याला बरंच काही बोललं गेलं होतं, पण हे वाक्य जिथे लागायचं तिथे लागलं.

सहाव्या फेरीत खुर्च्या पंचवीस मीटरवर घसरल्या, बारा रेघा उसळल्या. खरं म्हणजे अकरा. सात नंबरची हलली नाही. आकडा आला शहाण्णव, उंची पूर्ण. सात नंबरची खुर्ची मनोऱ्याच्या पलीकडच्या अंगाला असायची, खोलीतून दिसायची नाही. पडद्यावर नुसती रेघ होती, आणि ती हुबेहूब निवासच्या रेघेसारखी होती.

खुर्च्या वर पोचल्या आणि थांबल्या.

निवासने बटणावर बोट ठेवलं. त्याला सगळं कळत होतं. हे काळीज आजारी आहे नाहीतर बांधून घातलेलं आहे, आणि खाली आल्यावर ते धावणार नाही. त्याला मास्तर दिसले, मोटारसायकलला टेकलेले. आणि त्याच वेळी दुसरं मन सांगत होतं, की सगळेच काही मरत नाहीत. रोज किती सपाट रेघा येऊन हसत घरी जातात. एक दिवसाचा प्रश्न आहे. उद्या लिहून देणारच आहेस. आत्ता दाबलंस तर उद्याची फेरी पोपटची.

त्याने बोट उचललं. खुर्च्या सुटल्या.

चार सेकंद आरोळ्या, मग चुंबकांचा घुमल्यासारखा आवाज, मग नेहमीसारखं हसणं आणि टाळ्या. निवासने श्वास सोडला. आणि तेवढ्यात पलीकडून पोपटची हाक आली.

"निवाऽऽस! आरं पोरगी! आपली पोरगी!"

सात नंबरवर ईश्वरी होती. मान खाली लोंबत होती, ओठ काळेनिळे पडले होते. उद्यानाच्या डॉक्टरांनी तिला तिथेच जमिनीवर घेतलं, छाती दाबली, झटके दिले. तिचं काळीज आधी गोळ्यांनी बांधलं गेलं होतं. पडताना शरीराने त्याला आणखी दमाने घ्यायला सांगितलं, ते दमलं, आणि पुन्हा धावायची वेळ आली तेव्हा त्याला उठताच आलं नाही. त्रेचाळीसवाल्या काळजाला यंत्राने चाळीस मीटर दिले असते आणि ते खिदळत खाली आलं असतं. कऱ्हाडला पोचायच्या आत सगळं संपलं. तिच्या पॅंटच्या खिशात गोळ्यांचं पाकीट सापडलं, त्यातल्या सहा जागा रिकाम्या होत्या.

"पप्पांना सांगू नका काका, म्हणली," पोपट दवाखान्याच्या भिंतीला टेकून सांगत होता. तो लहान मुलासारखा रडत होता. "खाली आल्यावर चिठ्ठीच दावते म्हणली. मला वाटलं, बरं हाय, बापाची जिरंल जरा."

कडा बंद झाला. चौकशी बसली. पंधरवड्याने निवासला तहसील कचेरीत बोलावलं. वनिता बरोबर आली. ती कुठे एकटी राहत नव्हती आणि कोणाशी बोलतही नव्हती. निवासने जाताना ठरवलं होतं, की काही राखून ठेवायचं नाही. आणि त्याने ठेवलं नाही. मान, सह्या, साखर, बेडेकर मॅडमना दिलेला शब्द, सगळं सांगितलं. चौकशी अधिकारी वयस्क, शांत गृहस्थ होते. ते लिहून घेत होते.

"सह्यांचं ठीक आहे, त्याची जी शिक्षा आहे ती तुम्हा पाचही जणांना होईल," ते म्हणाले. "आता त्या सात सेकंदांचं सांगा. रेघ तुमच्या लक्षात आली नाही, असंच ना?"

"आली हुती, साहेब."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "शेलार, पोरगी गेली की बाप स्वतःला दोष देतो. मी बघितलंय." त्यांनी फाइलमधून एक कागद काढला. "तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. चालकाच्या खुर्चीतही तोच रडार होता. चालकाला डुलकी लागली तर कळावं म्हणून. ही तुमची रेघ. खुर्च्या वर थांबल्यापासून तुम्ही जागेवरून उठलात तोपर्यंतची. ब्याण्णव. एक ठोका इकडचा तिकडे नाही. समोर माणूस मरणार हे दिसलं असतं, तर काळीज असं राहिलं असतं का?"

"साहेब, ते काळीज मेलेलं हाय. त्याला काय कळतंय? मला कळलं हुतं. म्या बोट ठिवलं हुतं, उचललं."

"डॉक्टरांचा दाखला मी वाचलाय. आजार मान्य. म्हणजे ही रेघ तुमच्या बाजूनेही धरता येत नाही आणि विरुद्धही. मग तुम्हाला कळलं होतं याला पुरावा काय?"

"माजा शब्द."

"सहा वर्षं ज्याने खोट्या सह्या करवून घेतल्या, त्याचा शब्द मी कसा धरू?" हे ते अगदी मायेने म्हणाले. मग त्यांनी लिहिलं, की चालकाच्या लक्षात धोका आल्याचं सिद्ध होत नाही. त्यांना वाटलं, आपण एका दुःखी माणसावर उपकार केले. वनिताने हात पुढे केला, तेव्हा त्यांनी रेघेची एक प्रत तिला देऊन टाकली.

दोघं घरी आली. दुपार होती. वनिता ओसरीवर बसली आणि कागद मांडीवर पसरला. बाजूला आकडे नव्हते, वेळ नव्हती. नुसती एक रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत, सारखी.

"अवो, इकडं या," तिने हाक मारली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

निवास तिच्या शेजारी टेकला. त्याला वाटलं, आता ती रडेल, शिव्या देईल, मारेल. त्यासाठी तो तयार होता. तिला त्याच्या आजाराचं सगळं ठाऊक होतं, डॉक्टरांनी तिलाही समजावून सांगितलं होतं. तरीही तिने कागद त्याच्या हातात दिला.

"यात माजी ईश्वरी कुठं पडली, ती जागा दावा मला."

निवासने कागद उजेडाकडे धरला. रेघेच्या सुरुवातीला बोट ठेवलं आणि हळूहळू पुढे नेलं. शेवटापर्यंत नेलं. मग पुन्हा सुरुवातीपासून.

"दावा की," वनिता म्हणाली.

तो शोधत राहिला.